‘तुमच्यात कसं असतं?’ हे एकाच मुलाला विचारू नका

वाचकाचं पत्र

मी पाचवीच्या वर्गाला भाषा आणि परिसर अभ्यास शिकवते. वर्गात वेगवेगळ्या समाजांतली, वेगवेगळ्या घरभाषांची, बऱ्या आणि अगदी हलाखीच्या परिस्थितीतली मुलं आहेत. पुस्तकातलं कुटुंब मात्र एकाच साच्याचं. म्हणून मी ‘आपली संस्कृती’ असा एक दिवस ठेवला. एका मुलीला तिच्या समाजाचा पोशाख घालून यायला सांगितलं आणि ‘तुमच्यात कसं असतं ते सगळ्यांना सांग’ म्हटलं. ती आली, बोललीसुद्धा. पण दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला त्यावरूनच चिडवतात आणि आता ती वर्गात तोंड उघडत नाही. त्याआधी कुटुंबवृक्ष काढायला दिला, तेव्हा एका मुलानं कोरा कागद आणला होता. मुख्याध्यापक म्हणतात, ‘फरक दाखवूच नका, आपल्याला सगळी मुलं सारखी.’ एका मुलाला घरच्या बोलीत गोष्ट सांगायला लावली, तर त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, ‘ती बोली सुटावी म्हणून तर शाळेत घातलंय.’ अभ्यासक्रम वरून येतो आणि तो वेळेत संपवायचाही असतो. मी काय करू? फरकाचं नाव काढायचंच बंद करू का?
– एक शिक्षिका

नमस्कार बाई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, बंद करू नका. पण त्या दिवशी केलंत तसं पुन्हा करूही नका.

आधी त्या मुलीचं बघू, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. चिडवणाऱ्यांना एकेकटं बोलवा आणि हे चालणार नाही, असं स्पष्ट सांगा. अख्ख्या वर्गासमोर तिचं नाव घेऊन ‘कुणाला चिडवू नये’ असं भाषण देऊ नका. तसं केलंत तर ती पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येईल, आणि या वेळी बिचारी म्हणून. तिच्याशीही एकटीशी बोला. ‘मी तुला एकटीलाच पुढे केलं, ते बरोबर झालं नाही’ एवढं म्हणायला काहीच हरकत नाही. मग तिला बोलतं करायची घाई करू नका. मानवशास्त्रज्ञ सूझन फिलिप्स यांनी अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या आदिवासी मुलांचे वर्ग जवळून पाहिले होते. त्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या वर्गासमोर एकट्याला उभं करून विचारलं की ही मुलं गप्प बसायची. तीच मुलं आपसांत गटानं काम करताना किंवा शिक्षकांशी बाजूला बोलताना मोकळी असायची. त्या मुलांच्या गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं, तुमच्या विद्यार्थिनीचं वेगळं. पण शिक्षकाच्या उपयोगाची गोष्ट दोन्हीकडे एकच आहे: गप्प मुलाकडून उत्तर काढत बसण्याआधी बोलण्याची रीत बदलून बघावी. तिला तीन-चार जणींच्या गटात घ्या. विषय तिच्या समाजाचा अजिबात नको. वजनमापं, पावसाचं मोजमाप, एखाद्या धड्याचं नाट्यवाचन, असं काहीही चालेल. तिला पुन्हा पाचवीतली एक मुलगी होऊ द्या.

आता त्या दिवसाबद्दल. तुमचा हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण पुस्तकातल्या कुटुंबासारखंच ज्यांचं घर आहे, त्या मुलांपैकी कुणाला तुम्ही ‘तुमच्यात कसं असतं?’ असं विचारलंत का? बहुधा नाही. म्हणजे त्या दिवशी वर्ग न सांगता एक धडा शिकला: काही जणांना ‘संस्कृती’ असते आणि बाकीचे आपले नेहमीचे, साधे, सरळ. चिडवणाऱ्या मुलांनी तोच धडा दुसऱ्या दिवशी गिरवला. शाळेत लिहून न ठेवता शिकवल्या जाणाऱ्या अशा गोष्टींना शिक्षणशास्त्रात छुपा अभ्यासक्रम म्हणतात. फिलिप जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ मध्ये ही कल्पना मांडली. रांगेत उभं राहणं, वाट बघणं, शाबासकी कशाला मिळते हे ओळखणं, यातून मुलं जे शिकतात त्याकडे त्यांनी लक्ष वेधलं होतं.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यात सणवार, थोर पुरुष आणि खास दिवस ही सगळ्यात खालची पायरी आहे. एक दिवस सजावट करायची आणि उरलेले सगळे दिवस पुस्तक जसंच्या तसं. त्याच्या वरची पायरी म्हणजे अभ्यासक्रमाला एखादं वेगळं प्रकरण जोडणं. खरा बदल त्याच्याही पुढे आहे. तिथे तीच घटना, तोच विषय वेगवेगळ्या लोकांच्या जागेवरून पाहायला मुलं शिकतात. माझं तर मत असं की खालच्या पायरीवर वर्षानुवर्षं थांबण्यापेक्षा ती पायरी गाळलेली बरी. खास दिवसांचा कंटाळा मला आहेच, तेवढा पूर्वग्रह माझ्या नावावर मांडून ठेवा.

मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोलाच्या दृष्टीनं सगळी मुलं सारखीच. पण ‘फरक दाखवू नका’ म्हणताना ते असं धरून चालतात की शाळेची स्वतःची रीत कुणाचीच नाही, ती सगळ्यांना सारखीच परकी किंवा सारखीच ओळखीची आहे. तसं नसतं. भाषेच्या अभ्यासक शर्ली ब्राइस हीथ यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कॅरोलायना भागातल्या दोन कामगार वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन-येऊन मुलं घरी भाषा कशी शिकतात ते टिपलं. त्यातल्या कृष्णवर्णीय वस्तीत मोठी माणसं ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असा प्रश्न मुलांना क्वचितच विचारत. ‘हे कशासारखं दिसतं?’, ‘मग काय झालं?’ असे प्रश्न असत आणि त्यांना मुलं भरभरून उत्तरं देत. शाळेत बाई चित्रावर बोट ठेवून विचारायच्या, याचा रंग कोणता? मुलं गप्प. बाईंना वाटायचं, यांना साधं एवढंही येत नाही. ज्यांच्या घरी झोपताना गोष्टीचं पुस्तक उघडून ‘हा कोण? हे काय?’ असं चालतं, ती मुलं या खेळात आधीच पारंगत असतात. त्यांची हुशारी म्हणून जे मोजलं जातं, त्यात घरच्या सरावाचा वाटा किती, हे कुणी विचारत नाही. हीथ यांच्या कामातून शिक्षकांना हे दिसलं, तेव्हा त्यांनी प्रश्नांची धाटणी बदलली आणि तीच मुलं बोलू लागली. अभ्यासक्रम तोच होता, पुस्तकही तेच.

हे वाचून तुम्ही लगेच ‘अमक्या समाजाच्या मुलांना असे प्रश्न, तमक्यांना तसे’ अशी यादी करायला बसाल, म्हणून दुसरी गोष्ट सांगते. हवाईमध्ये १९७० च्या दशकात कामेहामेहा संस्थेच्या एका शालेय प्रकल्पात वाचन शिकवताना शिक्षकांनी ‘एका वेळी एकानेच बोला’ हा नियम सैल केला. हवाईयन मुलांना घरी सगळ्यांनी मिळून, एकमेकांच्या बोलण्यात भर घालत गोष्ट रंगवायची सवय होती. कॅथरीन आऊ यांनी त्या वर्गांचा बारकाईने अभ्यास केला. तशी मोकळीक दिल्यावर मुलं धड्यावर जास्त आणि नेमकं बोलू लागली. पुढे हीच पद्धत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या नवाहो आदिवासी मुलांच्या शाळेत नेली, तर जशीच्या तशी चालली नाही. त्या मुलांना लहान गट हवे होते, मुलामुलींचे वेगळे, आणि एकजण सावकाश बोलत असताना बाकीच्यांनी मध्ये न पडणं ही त्यांची रीत होती. तेव्हा ‘घरच्या रीतीला धरून शिकवा’ या तत्त्वातून तयार पाककृती निघत नाही. समोरची मुलं पाहूनच ठरवावं लागतं. शिवाय एकाच समाजातली दोन मुलं एकसारखी नसतात. शहरात वाढलेलं आणि काल स्थलांतर करून आलेलं, मुलगी आणि मुलगा, घरात शिकलेलं कुणी असलेलं आणि नसलेलं, यांचं जग वेगळं असतं. समाजाचं नाव कळलं म्हणून मूल कळत नाही.

आता अभ्यासक्रम वरून येतो त्याबद्दल. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये विचारलं होतं, कोणतं ज्ञान सगळ्यात मोलाचं? त्याचं स्वतःचं उत्तर होतं, विज्ञान. सुमारे सव्वाशे वर्षांनी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मायकेल ॲपल यांनी तो प्रश्न फिरवला: कोणाचं ज्ञान? अभ्यासक्रम म्हणजे निवड. निवड करणाऱ्यांना आपलं घर, आपली भाषा, आपला इतिहास सहज आठवतो आणि बाकीच्यांचा ‘इतर’ म्हणून एखाद्या चौकटीत येतो. आपल्याकडे हे खूप आधी कुणी बोललं असेल तर जोतीराव फुले. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण असल्याकडे बोट दाखवलं आणि शक्य तितके शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, अशी मागणी केली. नांगराची मूठ किंवा सुताराचं हत्यार हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे शिक्षक त्यांना हवे होते. शाळेत काय शिकवावं याचीही त्यांची यादी होती आणि तीत मोडी, बालबोध आणि हिशेबाच्या जोडीनं शेतीचं प्राथमिक ज्ञान होतं. कुणाच्या हातचं काम पुस्तकात येतं आणि कुणाच्या हातचं येत नाही, हा वाद नवा नाही, एवढंच सांगायचंय.

निवड करणाऱ्यांच्या बैठकीत तुम्ही नसता, हे मान्य. पण वर्गात पुन्हा एक निवड होते आणि ती तुमच्या हातात असते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लिमान यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. रस्त्यावर माल विकणारी फक्त पाच मुलं, वय ९ ते १५. संशोधक गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारायचे आणि मुलं ९८ टक्के उत्तरं बरोबर द्यायची. मग तीच गणितं कागदावर, शाळेतल्यासारखी नुसती आकडेमोड म्हणून दिली. बरोबर आली सुमारे ३७ टक्के. एका १२ वर्षांच्या मुलाला ३५ ला एक, तर दहांचे किती, हे काढायचं होतं. त्यानं शून्य लावलं नाही. तिनाचे १०५, आणखी तिनाचे २१०, पुढच्या तिनाचे ३१५, मग उरलेलं एक, असं करत ३५० काढले. शाळेच्या दृष्टीनं हा मुलगा ‘कच्चा’. आता यात बाईंनी काय करावं? ‘वा, रस्त्यावर काय छान शिकलास’ म्हणून त्याचं कौतुक करून सोडून दिलं, तर ते तुमच्या त्या खास दिवसासारखंच झालं. त्याची रीत फळ्यावर लिहावी. इतरांना विचारावं, हे बरोबर का येतं? शून्य लावण्याच्या रीतीशी याचं नातं काय? मग त्याला शून्याची रीत पक्की शिकवावी आणि बाकीच्यांना त्याची रीत शिकावी लागावी. तिथे त्या मुलाचं घर किंवा धंदा कुणासमोर मांडावा लागत नाही. त्याचं डोकं चर्चेत येतं.

तुम्ही जे करू पाहत होतात, ते असं करता येतं. मूल नमुना म्हणून उभं राहता कामा नये, त्याला माहीत असलेली गोष्ट धड्यात कामाला लागली पाहिजे.

कुटुंबवृक्षाचंच घ्या. त्या मुलाचा कोरा कागद म्हणजे आळस नव्हता, असं मी धरून चालते. कुणाचे वडील माहीत नसतात, कुणी दत्तक असतं, कुणी मावशीकडे वाढतं, कुणाच्या घरात नावं सांगणं सुरक्षित नसतं. झाडाचा साचा आधीच ठरवतो की कुटुंब कसं दिसतं. त्याऐवजी ‘मला काहीतरी करायला शिकवलेली माणसं’ असा नकाशा काढायला द्या: कोण, काय शिकवलं, कसं शिकवलं. पोहायला शिकवणारा शेजारी आला तरी चालतो, आजी आली तरी चालते, मोठी बहीण आली तरी चालते. पिढ्या, नाती, कामं, लिखाण, सगळे अपेक्षित मुद्दे यात येतात. त्यातून तुम्हालाही कळतं की मुलांच्या घरांत काय काय ज्ञान आहे. शिक्षण-संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांत पाठवलं होतं आणि अट घातली होती की तपासायला नव्हे, शिकायला जायचं. १९९२ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्या घरांना शाळा ‘काहीच नसलेली’ समजत होती, तिथे शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार यांचं भरपूर ज्ञान निघालं. घरोघरी जायला तुम्हाला वेळ मिळेल असं मला वाटत नाही. हा नकाशा त्यातला थोडा भाग भरून काढतो.

पुस्तकातलं एकसाची कुटुंब तर मी बदलायला जाणार नाही, उलट तेच अभ्यासाला घेईन. मुलांना सांगा, पुस्तकातली सगळी चित्रं मोजा. त्यात कोण काम करतंय, कोण बसलंय, कोण बोलतंय, कोण दिसतच नाही? तक्ता करा, आलेख काढा, निष्कर्ष लिहा. गणित झालं, भाषा झाली आणि अभ्यासक्रमही पुढे सरकला. यात एकाही मुलाला स्वतःबद्दल काही उघड करावं लागत नाही. शेवटी मुलांना पुस्तकात एक पान घालायला सांगा, हवं ते. कुणी आपलं घर काढेल, कुणी भलत्याचंच. दोन्ही चालू द्या.

आता त्या वडिलांबद्दल, आणि इथे मी थोडी त्यांच्या बाजूची आहे. प्रमाण भाषा आली की अर्ज लिहिता येतो, परीक्षा देता येते, कार्यालयात कुणी हसत नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. घरी प्रमाण भाषाच बोलणाऱ्या लोकांनी ‘बोलीचं सौंदर्य’ वगैरे त्यांना ऐकवणं फार सोपं असतं. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८८ मध्ये हेच परखडपणे मांडलं. सत्तेच्या जागी बोलण्या-लिहिण्याचे काही नियम असतात. ते ज्यांच्या घरचेच असतात त्यांना दिसतही नाहीत. बाहेरच्या मुलाला ते उघड शिकवले नाहीत, तर ‘मोकळेपणानं व्यक्त हो’ म्हणणारा वर्गही त्याला बाहेरच ठेवतो. म्हणून नियम उघड सांगा: इथे असं लिहितात, याचं कारण हे, आणि घरचं बोलणं चुकीचं नाही, त्याचेही नियम आहेत. एकच निरोप आधी आजीला सांगायचा, मग मुख्याध्यापकांना लिहायचा, असा सराव घ्या. दोन्हीत काय बदललं ते मुलांनीच शोधावं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथल्या एका खटल्यात कृष्णवर्णीय पालकांची तक्रार होती की मुलांच्या घरभाषेची दखल न घेतल्यामुळे ती प्रमाण इंग्रजी वाचायला शिकत नाहीत. न्यायालयानं शाळांना बोलीत शिकवायला सांगितलं नाही. शिक्षकांनी ती बोली ओळखावी आणि ते ज्ञान वाचन शिकवायला वापरावं, असं सांगितलं. तुमच्या पालकांना हे असंच सांगा. आणि नुसतं सांगू नका, मुलाची प्रमाण भाषेतली वही दाखवा, महिन्यापूर्वीची आणि आजची.

याला जोडूनच एक इशारा, कारण प्रेमळ शिक्षकांकडूनच हे होतं. ‘याच्या घरची परिस्थिती अशी, जाऊ दे’ म्हणत अर्धवट काम स्वीकारणं हा आदर नव्हे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या आठ शिक्षकांचा अभ्यास केला. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी सुचवलेले शिक्षक. त्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या. कुणी कडक, ठरावीक चाकोरीतलं शिकवणारं, कुणी प्रयोगशील. जुळत होतं ते वेगळंच: हे मूल शिकू शकतं यावर ठाम विश्वास आणि त्याप्रमाणे काम करून घेणं. १९९५ मध्ये त्यांनी जी मांडणी केली, त्यात अभ्यासातलं यश पहिलं येतं, मग आपल्या संस्कृतीशी नातं टिकवणं आणि समाजातल्या विषमतेकडे डोळसपणे पाहणं. तेव्हा कोऱ्या कागदाच्या जागी त्या मुलाकडून पुरा भरलेला नकाशा घ्याच. साचा बदला, अपेक्षा बदलू नका.

मुख्याध्यापकांशी तात्त्विक वाद घालत बसू नका. एक आठवडा स्वतःच्या तासाला वहीत खुणा करा: कुणाला विचारलं, कसला प्रश्न विचारला, उत्तरासाठी किती थांबलात, कुणाचं उत्तर फळ्यावर गेलं. पाठ करून सांगायचे प्रश्न एका बाजूच्या मुलांना आणि विचार करायचे प्रश्न दुसऱ्या बाजूच्या मुलांना जातात का, ते दिसेल. ती वही त्यांच्यासमोर ठेवा. ‘सगळी मुलं सारखी’ हे त्यांचंच माप आहे, त्यालाच धरून विचारा की वर्गात ते असं का दिसत नाही.

आणि तो खास दिवस शाळेला पुढल्या वर्षीही हवाच असेल, तर दोन अटी घाला. विषय सगळ्यांना लागू असा घ्यायचा, उदाहरणार्थ ‘आमच्या घरी वस्तू दुरुस्त कशी होते’, आणि सांगायचं की नाही हे मुलानं ठरवायचं. पोशाख कुणीच घालून यायचा नाही. पहिली पाळी पुस्तकातल्या कुटुंबासारखं घर असलेल्यांची ठेवा. त्यांनाही विचारा, तुमच्यात कसं असतं?